माळवदी घर व किल्लारी भूकंप

दगड-चिखलाच्या जाड भिंती आणि वर लाकूड व माती यांचे सपाट, जड छप्पर असलेल्या घरास मराठवाड्यात माळवदी घर असे म्हणतात. महाराष्ट्राच्या इतर काही भागांत ते धाब्याचे घर म्हणून ओळखले जाते. लातूर जिल्ह्यातील औसा तालुका आणि उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यातील त्या वेळचा उमरगा तालुका यांच्या सीमेवरील, तेरणा नदीच्या आसपासच्या गावांत ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात अशी हजारो घरे काही सेकंदांत ढासळली. मृतांची संख्या निरनिराळ्या गणतींत सु. ८,००० पासून सु. १०,००० पर्यंत दिलेली आढळते. भूकंपाची महत्ता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान होती. ही महत्ता लहान नसली, तरी एवढ्या मनुष्यहानीचे मुख्य कारण घरांची बांधणी हेच होते, याविषयी तज्ज्ञांत दुमत नाही. मात्र त्यावरून ही घरे अज्ञानाने किंवा हयगयीने बांधलेली होती, असा जो समज पुढे रूढ झाला, तो इतिहासाला धरून नाही. दुष्काळ, ऊन, पाऊस आणि चोर-दरोडेखोर या माहितीतल्या संकटांविरुद्ध पिढ्यानुपिढ्या केलेली तजवीज म्हणजेच हे घर होते. भूकंप हे संकट त्या माहितीत नव्हते.

या प्रदेशाचे जुने संकट म्हणजे अवर्षण. दख्खनच्या पठाराच्या या भागात पाऊस लहरी असून ज्वारी, तूर, हरभरा ही पिके त्याच्या भरवशावर घेतली जातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे १८७६–७८, १८९६–९७ व १८९९–१९०० हे दुष्काळ आणि १९७२–७३ चा दुष्काळ यांची स्मृती घराघरांत टिकून होती. १९७२ मधील खडी फोडण्याची कामे, कामावर मिळणारी सुकडी आणि अमेरिकेतून आलेली ‘मिलो’ नावाची तांबडी ज्वारी यांच्या आठवणी त्या पिढीने पुढच्या पिढीस सांगितल्या. दर दहा-वीस वर्षांनी येणारे संकट कुटुंबाच्या सवयींत मुरते. धान्य विकावयाचे ते पुढच्या पावसाचा अंदाज आल्यानंतरच, कडबा एका वर्षाचा शिलकीत ठेवावयाचा, बियाणे खाण्याच्या धान्यापासून निराळे ठेवावयाचे, असे अलिखित नियम त्यातून तयार झाले.

धान्य साठविण्याची साधने घराच्या रचनेत गुंफलेली होती. जमिनीखाली खणलेले पेव हे त्यांतील सर्वांत मोठे. कोरडी व घट्ट जागा पाहून ते खणीत; तळाशी व कडांना कडबा किंवा भुसकट लावून ज्वारी भरीत आणि तोंड दगड-मातीने बंद करीत. हवा कोंडल्यामुळे किडीचा उपद्रव कमी होई व धान्य वर्षानुवर्षे राही. पेव उघडणे मात्र जोखमीचे काम असे. आत साचलेल्या दूषित वायूने माणसे दगावत. म्हणून तोंड उघडल्यावर काही काळ थांबून, दिवा खाली सोडून तो जळत राहतो की नाही हे पाहिल्यावाचून आत उतरू नये, असा दंडक होता. तजविजीतच जोखीम दडलेली असू शकते, हे या समाजास पेवाच्या बाबतीत नीट ठाऊक होते. घरातील साठवणीसाठी बांबूची किंवा तुराट्यांची विणलेली, शेणमातीने लिंपलेली कणगी वापरीत. याशिवाय मोठ्या घरांत बळद असे. बळद म्हणजे जाड भिंतींच्या आत राखलेली अंधारी, बंदिस्त जागा. ते बाहेरून ओळखू येत नसे, हा त्याचा विशेष गुण मानला जाई. ज्या घरात बळद आहे, त्या घराच्या भिंती बारीक असून चालत नसत.

भिंती जाड असण्याची आणखीही कारणे होती. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. दोन-अडीच हात रुंदीची दगडी भिंत आणि वरचा मातीचा थर यांमुळे दुपारी आतील खोल्या थंड राहत. दुसरे कारण भीतीचे. हा भाग हैदराबाद संस्थानात होता. त्यातील नळदुर्गचा मुलूख १८५३ पासून १८६० पर्यंत इंग्रजांच्या ताब्यात होता. तेथील कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलर याच्या आत्मचरित्रात दरोड्यांच्या बंदोबस्ताचे उल्लेख आहेत. पुढे १९४७–४८ मध्ये रझाकारांच्या हल्ल्यांचा अनुभव सीमेवरील गावांनी घेतला. गावाला वेस व गढी, घराला उंच दगडी भिंत, रस्त्याकडे एकच भक्कम दरवाजा, खिडक्या जवळजवळ नाहीत आणि उजेड-वारा आतल्या चौकातून किंवा माळवदातील झरोक्यातून, अशी रचना या परिस्थितीत साहजिकच होती. गावठाणाची जमीन मर्यादित असल्याने घरे एकमेकांना लागून असत व त्यांमधील बोळ अरुंद राहत.

बांधणीचा तपशील पाहिला म्हणजे या घराचे बळ व दौर्बल्य दोन्ही ध्यानात येतात. दख्खनचा काळा पाषाण जागोजाग मिळतो, पण तो घडविण्याचा खर्च मोठा. त्यामुळे शेतातून व ओढ्यातून आणलेले वाटोळे, अनघड दगडच भिंतीत घातले जात. भिंतीचे आतील व बाहेरील असे दोन दर्शनी थर रचून मधली जागा कपच्या व चिखल यांनी भरून काढीत. रुंदी साधारणतः दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत व काही घरांत त्याहूनही अधिक असे. दोन्ही थरांस बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड सहसा नसत आणि कोपऱ्यांत दोन भिंती एकमेकींत गुंतविण्याची काळजीही क्वचितच घेतली जाई. असा भिंतीचा पिंड सरळ खाली येणारा भार उत्तम पेलतो. आडवा धक्का बसताच त्याचे दोन्ही थर फुगून अलग होतात.

छपराचा भार मात्र पुष्कळदा भिंतीवर नसून लाकडी खांब व तुळया यांवर असे. दोन तुळयांमधील अंतरास खण म्हणतात आणि घराचे मोठेपण खणांच्या संख्येवरूनच सांगितले जाई. तुळयांवर कड्या, कड्यांवर आखूड फळकुटांचा थर, त्यावर पाला किंवा गवत व त्यावर माती अशी माळवदाची रचना होती. वरच्या थरासाठी पांढरी माती पसंत करीत, कारण ती पाणी लवकर मुरू देत नाही. शेताला ‘काळी’ व गावठाणाला ‘पांढरी’ म्हणण्याची जी मराठी रीत आहे, तीत या मातीचेही स्मरण आहे. दर वर्षी मृगापूर्वी माळवदावर नवी माती टाकून ती चोपली जाई व त्यामुळे गळती थांबे. जुनी माती काढून टाकण्याचा प्रघात मात्र सर्वत्र नव्हता. थरावर थर चढून जुन्या घरांचे छप्पर दीड-दोन फूट जाडीचे होई. दोन फूट जाडीच्या मातीचे वजन दर चौ. मी. ला एक टनाच्या आसपास भरते. पावसापासून घराचे रक्षण करण्याचे वार्षिक कर्तव्य ज्या कुटुंबाने अधिक निष्ठेने पार पाडले, त्याच्या डोक्यावरचे ओझे अधिक वाढले.

भूकंपाविषयी या प्रदेशात लोकस्मृती नव्हती आणि शास्त्रीय नकाशातही त्यास स्थान नव्हते. भारतीय मानक संस्थेच्या भूकंपविषयक संहितेतील त्या वेळच्या विभागणीप्रमाणे हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात मोडत होता. द्वीपकल्पीय पठार भूशास्त्रदृष्ट्या स्थिर आहे, असा समज दृढ होता. त्याला पहिला मोठा धक्का ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर येथे बसला. त्या भूकंपात सु. १८० माणसे मृत्युमुखी पडली. तेथेही दगड-चिखलाची घरेच प्रामुख्याने पडली होती. कोयनेच्या अनुभवानंतर नकाशात त्या परिसराचा विभाग बदलण्यात आला. चर्चेचा सारा रोख मात्र धरणाच्या जलाशयावर राहिला. जलाशयामुळे भूकंप होतो की नाही, हा प्रश्न शास्त्रज्ञांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. परंतु पडलेल्या घरांच्या भिंती राज्याच्या इतर हजारो गावांतील भिंतींसारख्याच होत्या, ही गोष्ट त्या वादात मागे पडली. ग्रामीण घरबांधणीच्या दृष्टीने ती पंचवीस वर्षे वाया गेली, असेच म्हणावे लागते.

किल्लारी भूकंपानंतर झालेल्या संशोधनात आणखी एक गोष्ट पुढे आली. तेरणेच्याच काठी, वरच्या बाजूस वसलेल्या तेर (प्राचीन तगर) येथील नदीच्या दरडींत जुन्या भूकंपाच्या खुणा सी. पी. राजेंद्रन यांना आढळल्या. तो भूकंप सु. दीड हजार वर्षांपूर्वीचा असावा, असे अनुमान मांडण्यात आले. हे अनुमान ग्राह्य धरले, तर हा प्रदेश भूकंपमुक्त कधीच नव्हता. दोन मोठ्या भूकंपांमधील अंतर मात्र घराण्याच्या, गावाच्या किंबहुना लिखित परंपरेच्याही आवाक्याबाहेरचे होते.

सूचना अगदीच मिळाली नव्हती, असे नाही. ऑगस्ट १९९२ पासून किल्लारी परिसरात लहान धक्के जाणवू लागले. १८ ऑक्टोबर १९९२ च्या धक्क्याने काही घरांचे नुकसानही झाले. गावकऱ्यांनी याकडे शासनाचे लक्ष वेधले होते. पुढे धक्के विरळ झाले व भीती ओसरली. अशा धक्क्यांनंतर मोठा भूकंप होईलच, असे त्या वेळी कोणी सांगू शकले नसते. आजही ते सांगता येत नाही. तथापि घरे बळकट करण्यासाठी भूकंपाची तारीख ठाऊक असण्याची गरज नव्हती. छपरावरील निम्मी माती उतरविणे, खांब व तुळई यांच्या सांध्यांत तिरके आधार ठोकणे ही कामे गावातील सुतार व गवंडी यांना सहज करता आली असती. ती करावीत असे त्यांना कोणी सांगितले नाही. चिखलात बांधलेल्या दगडी व मातीच्या घरांविषयीची भारतीय मानके प्रसिद्ध झाली, तीही १९९३ मध्येच.

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून लोक उशिरा घरी परतले आणि पावसाळ्याचे दिवस असल्यामुळे आत झोपले. उन्हाळ्यात याच भागातील बरीच माणसे अंगणात किंवा माळवदावर झोपतात. पहाटेच्या धक्क्यात भिंतींचे आतले थर आत आणि बाहेरचे थर बोळांत पडले. माळवदाची माती मोकळी होऊन खाली आली व दगडांखाली सापडलेल्यांच्या नाकातोंडात गेली. बोळ भरून गेल्याने वाचलेल्यांना बाहेर पडणे व मदत करणाऱ्यांना आत शिरणे अवघड झाले. किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ, चिंचोली, होळी, राजेगाव, पेठसांगवी, गुबाळ इ. गावे ओळखू न येण्याइतकी उद्ध्वस्त झाली. किल्लारीजवळ शेतजमीन काही ठिकाणी उचलली गेल्याचे दिसले. कवचातील तडा पृष्ठभागापर्यंत आल्याची ती खूण होती.

पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना दोन गोष्टी विशेष जाणवल्या. पहिली ही की, कित्येक घरांत भिंती संपूर्ण पडल्या असताना खणांचा लाकडी सांगाडा उभा राहिला होता. म्हणजे जुन्या कारागिरीत भूकंपाला तोंड देणारा भाग होता, पण त्याच्या भोवतीच्या भिंतींनी माणसांचा घात केला. दुसरी गोष्ट सामाजिक दृष्ट्या अधिक बोलकी आहे. गावाच्या कडेला कुडाच्या भिंती व गवताचे किंवा पत्र्याचे छप्पर असलेल्या झोपड्यांत राहणारी भूमिहीन कुटुंबे तुलनेने अधिक प्रमाणात वाचली. दुष्काळात सर्वांआधी ज्यांच्या घरी चूल विझत असे, तीच माणसे या वेळी बचावली. ज्यांनी पिढ्यानुपिढ्या भिंती रुंद केल्या, बळदे भरली आणि माळवदावर माती चढविली, ती सुस्थित घरे सर्वांत प्राणघातक ठरली. एका आपत्तीसाठी केलेली तयारी दुसऱ्या आपत्तीत इतकी उलटल्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात सहजी सापडत नाही.

पुनर्वसनाचे काम जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने १९९४ ते १९९८ या काळात पार पाडले. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली; त्यांतील अनेक गावांची जबाबदारी देणगीदार संस्थांनी घेतली. नव्या घराचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमीनधारणेवर ठरले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांस २५० चौ. फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांस ४०० चौ. फूट आणि त्यावरील खातेदारांस ७५० चौ. फूट असे ते प्रमाण होते. झोपडीत वाचलेल्या कुटुंबास पक्के घर मिळाले, हे खरे. परंतु आपत्तीने क्षणभर पुसलेली उतरंड नव्या गावात चौरस फुटांत पुन्हा मांडली गेली, अशी टीकाही झाली.

स्थलांतरित गावांची आखणी सरळ, रुंद रस्ते व सुटी घरे अशी होती. अरुंद बोळांत सापडून माणसे मेल्यानंतर ही आखणी समजण्यासारखी आहे. तिच्यामुळे गावाचा विस्तार मात्र अनेक पटींनी वाढला, शेतजमीन संपादित करावी लागली आणि जुने शेजार मोडले. चौक, ओसरी, गुरांचा गोठा, कडब्याची जागा व धान्याची साठवण यांचा विचार बहुतेक नमुन्यांत नव्हता. गुबाळ येथे तर घुमटाकार घरेही बांधण्यात आली. सिमेंटच्या स्लॅबखाली उन्हाळा असह्य होतो, अशी तक्रार सार्वत्रिक होती. लोकांनी पुढे आपल्या सोयीने पडव्या, भिंती व शेड वाढविले; त्यांत भूकंपरोधक तंत्र पाळले गेलेच असे नाही. दगडाची धास्ती इतकी बसली की, उत्तम चुन्यात किंवा सिमेंटमध्ये, आरपार दगड घालून बांधलेली दगडी भिंतही लोकांना नकोशी झाली. दोष दगडाचा नव्हता, जोडणीचा होता. परंतु ज्यांनी ढिगारे उपसले त्यांना हे पटविणे सोपे नव्हते.

या तुलनेत कमी हानी झालेल्या गावांतील दुरुस्ती व मजबुतीकरणाचे काम कमी गाजले, पण त्याचे महत्त्व अधिक आहे. तेरा जिल्ह्यांत पसरलेल्या या कार्यक्रमात सु. दोन लाख घरे होती. येथे ठेकेदाराऐवजी घरमालकाने स्वतः साहित्य आणून, गवंडी लावून काम करावयाचे होते. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत सळईसह काँक्रीट भरणे, माळवदाची माती कमी करणे, खांब-तुळयांना तिरके आधार देणे, दारांच्या वर काँक्रीटचा सलग पट्टा घालणे हे उपाय सुचविण्यात आले. भूकंपअभियांत्रिकीचे तज्ज्ञ आनंदस्वरूप आर्य यांनी अशा स्वस्त उपायांचा दीर्घकाळ पुरस्कार केला होता. प्रत्यक्षात बहुसंख्य कुटुंबांनी जुने घर बळकट करण्याऐवजी मिळालेल्या अनुदानात शेजारी पट्टे घातलेली एक लहान विटांची किंवा ठोकळ्यांची खोली बांधणे पसंत केले. ते अभियंत्यांच्या अपेक्षेशी जुळणारे नव्हते. तरी रात्री निजण्यापुरती एक सुरक्षित खोली आणि दिवसा वावरण्यास व धान्य ठेवण्यास जुने थंड घर, ही तडजोड शहाणपणाचीच मानली पाहिजे.

या कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद साहाय्यक नेमण्यात आल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे त्यांच्या प्रशिक्षणाचे काम होते. अनुदानाचे हप्ते, साहित्याचा दर्जा व बांधकामातील टप्पे यांची माहिती घरोघर देणे आणि पट्टा खरोखर घातला आहे की नाही हे पाहणे, हे त्यांचे काम. घराची दर वर्षीची लिंपण-सारवण, चुलीची व कणगीची व्यवस्था पूर्वीपासून स्त्रियांकडेच होती. घराच्या बांधणीविषयी मात्र त्यांचे मत विचारण्याची पद्धत नव्हती. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातील अशा स्त्रिया गुजरातेत जाऊन तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगून आल्या. तेथील पुनर्बांधणीत मालकानेच घर बांधण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली.

भूकंपविषयक नकाशात २००२ साली सुधारणा होऊन पहिला विभाग रद्द झाला आणि लातूर परिसर तिसऱ्या विभागात आला. घरांचे रूपही मराठवाडाभर बदलत गेले. माळवद दुरुस्त करणारे कुशल कारागीर व त्यासाठी लागणारे लाकूड दोन्ही दुर्मिळ झाले. त्याची जागा सिमेंटच्या स्लॅबने किंवा पत्र्याने घेतली. पत्र्याचे छप्पर हलके असल्यामुळे भूकंपात ते माळवदापेक्षा सुरक्षित असते, पण वादळात उडून जाते. म्हणून त्यावर मोठमोठे दगड ठेवण्याची रीत पडली आहे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ महत्तेचा भूकंप होऊन शेजारच्या नांदेड जिल्ह्यातही धक्के जाणवले, तेव्हा पत्र्यांवरील हे दगड त्वरित काढून घ्यावेत, असे आवाहन नांदेड जिल्हा प्रशासनाला करावे लागले.